पाचवा दाणा

ते प्रकरण आठवण्यासाठी मला कधी जुनी डायरी उघडावी लागली नाही. दर दसऱ्याला दुपारी माझ्या हवालदारांचा फोन यायचा. “साहेब, पाच वाहिले ना?” ते विचारायचे. “मोजून वाहिले,” मी म्हणायचो. मग आम्ही धानाच्या पिकाबद्दल बोलायचो आणि फोन ठेवायचो.

हवालदार श्रावणात गेले. तेरवीला त्यांच्या गावी, दवनीवाड्याला गेलो, तेव्हा लक्षात आले की त्यांच्या घरच्यांना या तपासाविषयी जवळजवळ काहीच माहीत नाही. त्यांनी कधी सांगितलेच नव्हते. म्हणून मी लिहितो आहे. नाव कुणाचेच देणार नाही, हवालदारांचेही नाही. त्यांना ते आवडले नसते.

मी त्या वेळी गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व भागात, महामार्गावरच्या एका ठाण्यात ठाणेदार होतो. ठाण्याच्या एका बाजूला धानाच्या बांध्या आणि दुसऱ्या बाजूला जंगल. जंगलात नक्षलवाद्यांचे दलम फिरत असे. त्यामुळे कुठे वीजवाहिनीची तार चोरीला गेली तरी वरून पहिला प्रश्न ठरलेला असे: यात त्यांचा हात आहे का?

दिवाळीला आठवडा असताना अधीक्षक कार्यालयातून गोपनीय पत्र आले. दुसऱ्या राज्यातल्या एका अणुवीज केंद्रासाठी बनवलेला पंप ट्रेलरवरून आमच्या हद्दीतून गेला होता. अणुभट्टी थंड राहावी म्हणून तिच्यातले पाणी सतत फिरते ठेवणारा हा पंप. केंद्रात खोके उघडताना दिसले की एक फळी काढून पुन्हा ठोकली आहे आणि आतले प्लास्टिक कापून चिकटपट्टीने बंद केले आहे. पंपाच्या उघड्या तोंडाशी लाल भुकटी होती, कसल्यातरी द्रवाचे वाळलेले डाग होते आणि, पत्राच्या भाषेत, “चार अज्ञात कण” होते. प्रयोगशाळेचा अहवाल यायचा होता. संपूर्ण प्रवासात ट्रेलर एकाच ठिकाणी मुक्कामी थांबला होता. चाकांचा धुरा, म्हणजे ॲक्सल, तुटला म्हणून तीन दिवस, आमच्या ठाण्यापासून दोन किलोमीटरवरच्या एका गॅरेजच्या आवारात. घातपाताची शक्यता धरून तपास करावा, असा आदेश होता. सोबत फोटो जोडले होते.

दुसऱ्याच दिवशी खबर मिळाली. गॅरेजसमोरच्या पानठेल्यावर आमचा एक खबऱ्या बसत असे.

“दसऱ्याच्या दिवशी मिस्त्री ट्रेलरवर चढला होता साहेब. हातात पाना होता. ड्रायव्हर जेवाले गेला होता, आन कंपनीचा माणूस तापानं गोंदियाच्या दवाखान्यात. दहा-पंधरा मिनिटं होता वर.”

“कोणता मिस्त्री?”

“तोच, गोंडाचा. ज्याचा चुलतभाऊ जंगलात गेला.”

मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि त्या नोंदीत चुलतभावाचाही उल्लेख केला. खबरीतला शब्द न् शब्द खरा होता. खोट्या खबरीने तपास जेवढा भरकटतो, त्याहून जास्त तो अशा अर्ध्या खऱ्या खबरीने भरकटतो, हे मला तेव्हा सुचले नाही.

गॅरेजचा मालक गोंदिया शहरातला. बोलणे सगळे हिंदीत.

“साहब, पंद्रह साल से मेरे पास है. गाडी के सिवा किसी से बात नहीं करता.”

“खोके कुणी उघडले?”

“वो मैं क्या जानूं? मैं तो उस दिन मिठाई बांट रहा था.”

मिस्त्री चाळिशीतला, सडपातळ माणूस. घरी बायको आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे पहिले पेर नव्हते. ते कधीतरी गॅरेजातल्या प्रेस मशीनखाली गेले होते. नोटीस देऊन त्याला ठाण्यात बोलावले आणि मी सलग दोन दिवस त्याची चौकशी केली.

“ट्रेलरवर कशाला चढलास?”

“धुरा पाहाले.”

“धुरा खाली असतो.”

त्याने मान खाली घातली.

“खोके उघडलेस?”

“नाही साहेब.”

“चुलतभाऊ शेवटचा कधी भेटला?”

तेव्हा मात्र त्याने मान वर केली. “सहा वर्षं झाली. त्याच्या मायच्या मयतीलेही नाही आला तो.”

खोक्याबद्दल तो खोटे बोलत होता आणि भावाबद्दल खरे. दोन उत्तरांतला फरक त्याच्या आवाजात ऐकू येत होता. तरी मी पुन्हा पुन्हा भावाचेच विचारत राहिलो.

शुक्रवारी संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला. “सोमवारी विशेष पथक गाडी घेऊन येईल. तोपर्यंत तुमच्याकडे वेगळे काही निघाले नाही तर मिस्त्रीला त्यांच्या ताब्यात द्या.” याचा अर्थ मला नीट ठाऊक होता. तो माणूस त्या गाडीत बसला की कठोर कायद्याची कलमे लागणार, जामीन मिळणार नाही आणि सुटलाच तर मुली लग्नाच्या झालेल्या असतील.

हवालदार माझ्या टेबलाशी आले. पोवार समाजातल्या शेतकरी घरातला माणूस, निवृत्तीला तीन वर्षे उरलेली. मुद्देमालाची यादी करायची तर मी त्यांनाच बसवत असे, कारण त्यांची मोजणी कधी चुकत नसे. त्यांनी फोटो मागितले, चष्मा पुसला आणि बराच वेळ बघत राहिले.

“साहेब, हे तांदूळ आहेत.”

“कशावरून?”

“जन्म धानात गेला माझा. आन पाहा, चारही अखंड आहेत. गिरणीच्या तांदळात एवढे अखंड दाणे आपोआप नाही येत हातात. कोणीतरी निवडून घेतले. तुटका दाणा अक्षतेले चालत नाही.”

मग त्यांनी लाल डागावर बोट ठेवले. “आन ही भुकटी सांडलेली नाही. ह्या रेघा आहेत. बोटांनी ओढलेल्या तीन रेघा. मधली आखूड.”

फोटो हातात घेऊन ते बाहेर गेले. मी मागोमाग गेलो. आवारात ठाण्याची जीप उभी होती.

“दसऱ्याले आपली जीप कुठं होती साहेब?”

जीप क्लचच्या कामासाठी त्याच गॅरेजात होती. हवालदारांनी बोनेट उचलले. आतल्या पत्र्यावर कुंकवाच्या तीन रेघा होत्या, मधली आखूड. खाली बॅटरीजवळच्या ग्रीसमध्ये तांदळाचे दाणे रुतलेले होते. मी रेघा पाहिल्या. हवालदारांनी दाणेही मोजले.

त्याच संध्याकाळी त्यांनी मिस्त्रीला चहा दिला आणि स्वतः त्याच्या शेजारी बाकावर बसले.

“काय बे मिस्त्री, आमच्या जीपले टिका लावला आन सांगतही नाही. आमच्या वाटणीचं खोबरं कुठं गेलं?”

मिस्त्रीच्या ओठांवर हसू आले आणि लगेच गेले. आपण कुठे सापडलो ते त्याला कळले.

“पंपाले कायले लावला?” हवालदारांनी आवाज न चढवता विचारले.

चहाचा कप बाजूला ठेवून तो म्हणाला, “दादा, दसऱ्याले आमच्या आवारात उभी असलेली एकही मशीन बिनपूजेची राहात नाही. सायकल असो नाहीतर क्रेन. ते एवढं मोठं मशीन, तीन दिवसांचं पाहुणं. त्याले तसंच कसं ठेवाचं?”

“मग वरून लावायचा, खोक्याले.”

“लाकडाले लावून काय होते? लोखंडाले लागला पाहिजे.”

मी मध्येच विचारले, “मग दोन दिवस खोटे का बोललास?”

“तुम्ही भावाचंच विचारून राहिले होते साहेब. मी पूजा केली म्हटलं असतं, तर मानलं असतं तुम्ही?”

मी मानले नसते. तसे मी त्याला त्याच वेळी सांगितलेही.

जबाब नोंदवून मी वरिष्ठांना कळवले. ते म्हणाले, “पूजेचा बहाणा चांगला आहे. म्हणजे खोके त्यानेच उघडले हे तर तुम्हीच सिद्ध केलेत.” त्यांचे चुकत नव्हते. त्या आखूड रेघेने मिस्त्रीला जितके वाचवले तितकेच अडकवलेही होते. मी एवढेच म्हणालो, “सर, त्याच दसऱ्याच्या सकाळी आपण ठाण्यातल्या रायफलींना टिका लावला होता.” त्यांनी फोन ठेवला. सोमवारची मुदत कायम राहिली.

रविवारी अणुवीज केंद्राचे अभियंता आले. मूळचे मराठी, शांत स्वभावाचे गृहस्थ. पंपात नेमके काय गेले, एवढेच त्यांना हवे होते.

“नारळ कुठे फोडला?” त्यांनी मिस्त्रीला विचारले.

“खाली, दगडावर. पाणी बोटांनी शिंपडलं, तोंडापाशी.”

त्यांनी लिहून घेतले. नारळाच्या पाण्यातला क्षार त्या पोलादाला बरा नाही, पण पंप दोनदा धुऊन झाला आहे, मंगळवारी तो बसवायचा आहे, असे त्यांनी मला सांगितले.

“आणि तांदूळ?”

“पाच.”

“आम्हाला चार मिळाले.”

“पाच वाहिले साहेब.”

“एखादा बाहेर पडला असेल. किंवा तुम्ही चारच वाहिले असतील.”

“आम्ही पाच देवे आहो,” मिस्त्री म्हणाला.

अभियंत्यांना कळेना. तेव्हा हवालदारांनी समजावून सांगितले. गोंडांची कुळे देवांच्या संख्येने ओळखली जातात. कोणी चार देवे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. लग्नेही तेच पाहून जुळतात. “हा प्रत्येक देवाच्या नावानं एक दाणा वाहते. त्याच्या हातून चार जाणार नाहीत साहेब. एका देवाले उपाशी कोण ठेवेल? आमच्या जीपमध्ये पाच आहेत. मी मोजले.”

“आन बाहेर नाही पडला,” मिस्त्री म्हणाला. “पंपाच्या तोंडात ठेवले होते. धूळ जाऊ नये म्हणून प्लास्टिक लगेच बंद केलं मी.”

अभियंत्यांनी पेन खिशात ठेवले. मग ते फोन घेऊन बाहेर गेले आणि बराच वेळ आवारात फेऱ्या मारत बोलत राहिले. परत आल्यावर म्हणाले, “पंप पुन्हा पूर्ण उघडायला सांगितला आहे. उद्या दुपारपर्यंत कळेल.”

मिस्त्रीची सुटका आता त्या एका दाण्यावर येऊन ठेपली होती. दाणा सापडला तर त्याचा जबाब शेवटच्या शब्दापर्यंत खरा. नाही सापडला, तर आणखी एक खोटे. मी वरिष्ठांना लेखी कळवले की सोमवारी संध्याकाळपर्यंत संशयिताचा ताबा देता येणार नाही, जबाबदारी माझी. इतक्या वर्षांच्या नोकरीत असे पत्र मी पहिल्यांदाच लिहिले. ते लिहिले, याचे आजही समाधान वाटते.

सोमवारी सकाळी दहाला विशेष पथकाची गाडी आली. हवालदारांनी त्यांना आधी चहा पाजला. मग तर्री-पोहे मागवले. पथकातला एक जण घड्याळ बघू लागला तेव्हा ते म्हणाले, “बसा हो. आमच्या ठाण्याची रीत आहे, पोहे खाल्ल्याशिवाय माणूस देत नाही. आन पोहे खाल्ल्यावर जेवल्याशिवाय देत नाही.” पथकातली माणसे हसली. मिस्त्री बाकावर दोन्ही हात गुडघ्यांत धरून बसला होता.

दोनच्या सुमारास अभियंत्यांचा फोन आला.

“सापडला. पंपात एकमेकींवर घासत फिरणाऱ्या दोन गुळगुळीत चकत्या असतात. त्यांना पाणी पुरवणारी एक बारीक वाहिनी आहे, त्या वाहिनीच्या वळणावर अडकला होता. फुगलेला. दोनदा धुऊनही आम्हाला दिसला नव्हता.”

“तसाच राहिला असता तर?”

“चकत्या कोरड्या पडल्या असत्या, तापल्या असत्या. पंप बंद पडेपर्यंत आम्हाला कारण कळले नसते. ज्याला नुकसान करायचे आहे तो माणूस दाणे मोजून सांगत नाही. हे मी तुम्हाला लेखी देतो. आणि तुमच्या मिस्त्रीला सांगा, पाचवा मिळाला.”

मी सांगितले. त्याने आधी दोन्ही हात जोडले. मग म्हणाला, “त्याईले म्हणा, फेकू नका. नदीत सोडाले सांगा.”

“ते मुद्देमाल झाले आता,” हवालदार म्हणाले. “देवालेही कोर्टात तारखेवर जा लागते बे.”

तेव्हा मिस्त्री पहिल्यांदा मोकळेपणाने हसला. हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले.

पथकाची गाडी रिकामी परत गेली. अभियंत्यांच्या पत्रानंतर घातपाताचा संशय कागदोपत्रीही मिटला. बंद माल विनापरवाना उघडल्याचा साधा गुन्हा तेवढा दाखल झाला आणि कोर्टाने समज देऊन, हमीपत्रावर त्याला सोडले. वरिष्ठांनी मला फोन करून “चांगले काम” एवढे दोन शब्द म्हटले. मी उत्तरादाखल हवालदारांचे नाव सांगितले. बक्षिसाच्या शिफारशीतही त्यांचेच नाव पहिले घातले.

पुढच्या वर्षी तसाच एक पंप आमच्या रस्त्याने गेला. ट्रेलर चहासाठी थांबला तेव्हा हवालदार मला मुद्दाम घेऊन गेले. खोक्याच्या बाहेर, फळीवर, वीतभर लांबीची लोखंडी पट्टी स्क्रूने बसवलेली होती. कशासाठी, ते आम्हाला विचारावे लागले नाही. पट्टीवर कुंकवाची बोटे आधीच उमटलेली होती, एकावर एक, वाटेतल्या कितीतरी हातांची.

खबऱ्याने सांगितले ते डोळ्यांनी पाहिलेले होते: माणूस, पाना, ट्रेलर. पाना धरलेल्या हाताच्या मनात काय होते, ते त्याला दिसले नाही आणि मी शोधले नाही. हवालदारांनी शोधले. त्यासाठी त्यांनी मारझोड केली नाही की धमकी दिली नाही. त्यांना तांदूळ ओळखता येत होता आणि शेजारच्या माणसाचे देव किती, हे माहीत होते. तपासाची पुस्तके मी पुष्कळ वाचली आहेत. शेजाऱ्याचे देव मोजायला त्यातल्या एकानेही मला सांगितले नव्हते.

या दसऱ्याला सकाळी मी स्कूटर धुतली, टिका लावला, तांदूळ निवडले. आम्ही काही पाच देवे नव्हे, पण इतक्या वर्षांची सवय. दुपारी फोन वाजणार नाही हे माहीत असूनही त्याच खोलीत पुस्तक घेऊन बसलो होतो. नेहमीच्या वेळेला फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

“साहेब, मी मिस्त्री बोलून राहिलो. गॅरेजवाला.” तो पुढे म्हणाला, “हवालदार दादा दर दसऱ्याले मलेही फोन करत होते. म्हटलं, आता आपण करावा. पाच वाहिले ना?”

“मोजून वाहिले,” मी म्हणालो. मग आम्ही धानाच्या पिकाबद्दल बोललो.