शेवटच्या प्रकरणातला हुंकार

भूत, करणी, उतारा… यातलं मी कधीच काही मानलं नाही. नोकरी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये, असिस्टंटची. बावीस वर्षं पोरांना 'रीडिंग पुन्हा घ्या' म्हणण्यात गेली. त्यामुळे या ग्रुपवर असलं काही लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण परवा इथं एका नव्या लेखिकेनं विचारलं, आपलं लिखाण कुठं खोटं पडलंय हे कसं ओळखायचं? माझ्याकडे त्याचं एकच उत्तर आहे, आणि ते मला अजून समजलेलं नाही.

मला ते माझी थोरली बहीण सांगायची. अक्का. आई लवकर गेली तेव्हा अक्कानं सातवीतून शाळा सोडली आणि मला वाढवलं. ती धुळ्याला, मी जळगावात मेहरूणला. पहिली कादंबरी लिहायला घेतली तीही तिच्यावरच — भावासाठी शाळा सोडणाऱ्या पोरीची. रोज संध्याकाळी लॅबमधून आलो की तिला फोन लावायचो आणि आदल्या दिवशी लिहिलेलं वाचून दाखवायचो.

"अक्का, ऐकी ऱ्हायनी का?"

"वाच तू. हात शेंगास्मा, कान तुन्हाकडे." ती शेंगा सोलत बसलेली असायची.

गोष्ट ऐकणाऱ्यानं मध्ये मध्ये 'हं' म्हणायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. हुंकारच नाही तर सांगणारा पुढे जाणार कसा! अक्का दर दोन-तीन वाक्यांनी हुंकार द्यायची. आणि एखाद्या ठिकाणी द्यायचीच नाही. मी विचारायचो, काय झालं? "काही नही. वाच पुढे." कारण कधी सांगितलं नाही बाईनं. मी तिथं लाल पेन्सिलीनं खूण करून ठेवायचो. दुसऱ्या दिवशी पाहावं तर हमखास तोच मजकूर नकली निघायचा… मोठेपणा मिरवणारा, नाहीतर मुद्दाम रडवायला लिहिलेला. माझी लेखन-कार्यशाळा म्हणाल तर एवढीच.

पुण्याच्या एका प्रकाशकांनी कादंबरी स्वीकारली. फक्त शेवटचं प्रकरण महिनाअखेर हातात हवं होतं, नाहीतर पुस्तक वर्षभर पुढे ढकललं जाणार होतं. नेमकं त्याच आठवड्यात अक्काला धुळ्याला दवाखान्यात ठेवलं. माझी बायको सुनीता लगेच गेली. मी म्हटलं, रविवारी येतो, चार पानं राहिलीत… धुळं काय लांब आहे? अडीच तासांची एसटी.

अक्का शनिवारी गेली.

मग मी प्रकाशकांकडे मुदत मागितली. एका फोनवर दिली त्यांनी. तो फोन आठवडाभर आधीही करता आला असता, हे मला आजही झोंबतं.

दीड महिन्यानं शेवटचं प्रकरण नव्यानं लिहिलं. त्यात बहीण दवाखान्यात आहे आणि भाऊ तिच्याजवळ बसलाय. अक्काला देण्यासारखं माझ्याकडे आता हे पुस्तकच उरलं होतं. ते तरी खरं उतरावं, एवढीच धडपड. पण ऐकायला कोण? म्हणून मोबाईलवर रेकॉर्ड करायचं ठरवलं. मे महिन्यातला रविवार, दुपारचे तीन. मागची खोली, दार-खिडकी बंद, घरघर नको म्हणून पंखाही बंद — तेही जळगावच्या उन्हाळ्यात! सुनीता पुढच्या खोलीत झोपलेली.

वाचून झालं, घाम पुसला, इयरफोन लावले. तिसऱ्या वाक्यानंतर…

"हं."

वाटलं, माझाच घसा असेल. पुन्हा लावलं. मी वाक्य संपवतो, श्वास घेतो, आणि त्या मधल्या जागेत — "हं." पुढे दोन-तीन वाक्यांनी पुन्हा. तोच जरा लांबवलेला, नाकातला आवाज. अंगावर काटा आला, पण खोटं कशाला सांगू, मी घाबरलो नाही. मला आनंद झाला होता.

मग ते वाक्य आलं. 'त्यानं बहिणीचा हात हातात घेतला.' त्यापुढे हुंकार नाही. शेवटपर्यंत नुसता माझा आवाज.

सुनीताला उठवलं आणि काही न सांगता इयरफोन दिले. दुसऱ्याच हुंकाराला तिनं तोंडावर हात ठेवला.

"अहो… अक्का!"

शेवटपर्यंत ऐकलं तिनं. मग हळूच म्हणाली, "तुम्ही नव्हता ना हो तिथं."

टोमणा नव्हता तो. पण तेव्हा कुठं मी पहिल्यांदा विचारलं, तिथं काय काय झालं होतं. दीड महिना विचारायची छातीच झाली नव्हती.

"शुक्रवारी मी म्हटलं, यांना बोलावून घेते," सुनीता सांगू लागली. "तर म्हणाल्या, 'नको बलावू. भाऊले लिखू दे.' मग थोड्या वेळानं मलाच विचारलं, 'वं सुनी, त्या पोरनं पुढे काय व्हयनं?' तुमच्या पुस्तकातल्या त्या पोरीचं."

"तू काय सांगितलंस?"

"मला काय माहीत? मी कुठं ऐकलंय तुमचं पुस्तक? म्हटलं, रविवारी आले की तेच वाचून दाखवतील. तर 'हं' म्हणाल्या."

मी लहान पोरासारखा रडलो त्या दिवशी.

ते प्रकरण फाडलं. नवं लिहिलं, त्यात भाऊ येत नाही. पुन्हा तीच खोली, तीच वेळ, पंखा बंद. त्या रेकॉर्डिंगमध्ये माझ्याशिवाय कुणीही नाही. तिला पटलं म्हणून ती गेली, की आता ऐकायचंच नाही म्हणून, ते मला कळलेलं नाही. आमच्या फिजिक्सच्या सरांना पहिली फाईल ऐकवली. म्हणाले, खोली बंद होती ना, आवाज भिंतीवरून परत येतो. मी विचारलं, मग तो एका वाक्यानंतर यायचा का थांबला?

पुस्तक निघालं, बरं चाललंय. शेवट फार खरा वाटतो असं लोक कळवतात. पण अक्का दवाखान्यात होती त्या आठवड्यात माझ्या मनातला शेवट वेगळा होता. ती पोर पुढे पुन्हा शाळेत जाते, दहावीला बसते आणि पास होते.

फोनवर दोन मिनिटांत सांगून झालं असतं.