गर्जेल तो न पडो

आकाश भरून आल्यावर हात जोडून "बाबा रे, गरज, पण पडू नकोस" अशी विनवणी करणारा माणूस साऱ्या खानदेशात एकच, आणि ते नेमके माझे मामेसासरे निघावेत, हे माझं भाग्य. शिरपूरजवळच्या एका गावात भौतिकशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले आणि गच्चीच्या जिन्यावर, दारापाशी, किरण मोजायचं यंत्र मांडून बसले. 'गर्जेल तो पडेल काय' ही म्हण लोक बोलघेवड्यांना हिणवायला वापरतात. मामांना ती आशीर्वादासारखी वाटते. गडगडलं की हातातला घास टाकून ते जिना चढतात आणि मामी ताटावर ताट झाकून ठेवतात.

त्यांचं म्हणणं असं, की वादळी ढगातल्या विजेच्या ओढीने इलेक्ट्रॉन उधळतात, हवेवर आदळतात आणि त्यातून गॅमा किरण निघतात. "पण पाऊस आला की घोटाळा," ते मला समजावतात. "जमिनीतून वर गेलेल्या रेडॉन वायूचे अवशेष पावसाबरोबर खाली येतात, तेही यंत्रात टिकटिकतात. मग आकडा ढगाचा की पावसाचा, कसं ओळखणार? मला दहा मिनिटं कोरडा ढग हवा. आयुष्यात एकदा." हे सांगताना त्यांची नजर सातपुड्याच्याही पलीकडे कुठेतरी लागलेली असते. शेजारच्या अक्का मात्र कुंपणावरून सुनावतात, "बठ्ठा गाव पानी मांगी ऱ्हायना, नि तुम्ही कोरडा ढग मांगतस!"

गेल्या भाद्रपदात मी तिथे असताना भरदुपारी अंधारून आलं. एक थेंब नाही, आणि यंत्राची टिकटिक वाढू लागली. मामांनी माझं मनगट घट्ट धरलं. सात मिनिटं झाली. खाली घरामागच्या शेतात अक्का सुकत चाललेल्या कपाशीत वर तोंड करून उभ्या होत्या.

"आते पडू द्या ना तेले, भाऊ! कपाशी मरी चालनी!"

जणू ढग मामांनीच अडवून धरला होता. मी हसलो. मामा हसले नाहीत. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं आणि पुटपुटले, "पड रे बाबा."

आणि तो धो धो पडला. मामांनी वही उघडून लिहिलं, 'मूळ अनिश्चित.' मग जरा थांबून खाली बारीक अक्षरात, 'अक्कांची कपाशी वाचली.'

पाऊस काही त्यांच्या सांगण्याने पडला नाही, एवढं मलाही कळतं. पण तीनच मिनिटं उरली असताना त्यांनी तो मागितला, हे आठवलं की मला अजून भरून येतं.