‘साइटवर युजर: शून्य’

“गुरुवारी सकाळी दहा ते एक. वीकली ऑफ आहे, प्लांट रिकामा. सही कर, तृप्ती.” आमचे आयटी मॅनेजर पाटील सर यांनी कागद पुढे सरकवला.

प्लॅन माझाच होता. ‘साइटवर युजर: शून्य’ ही ओळही मीच लिहिली होती. तेव्हा आधी माझी चूक सांगते, इतरांची मग.

साजगावच्या आमच्या कारखान्यात शंभरावर कॉम्प्युटर आहेत. त्या सगळ्यांवर एका सर्व्हरवरून नजर ठेवणारं सॉफ्टवेअर आहे. त्याचा सर्व्हिस पॅक, म्हणजे एकत्र बांधून आलेल्या दुरुस्त्या, चढवायचा होता. आधी सर्व्हरवर, मग प्रत्येक मशीनवरच्या एजंटवर. एजंट म्हणजे सर्व्हरचा हुकूम पाळणारा छोटा प्रोग्राम. तो बदलला की मशीन कोणाला न विचारता रीस्टार्ट होतं. म्हणून सुट्टीचा दिवस निवडला. बॅकअप कधी, बिघडलं तर मागे कसं यायचं, सगळं लिहिलं होतं.

“एक मशीन बघून येते, मग करते,” म्हटलं. टाक्यांच्या शेडमधल्या पीसीची डिस्क भरलेली दिसत होती. जागा मोकळी करायला गेले. तिथे बबनकाका होते. शिळफाट्याला राहतात, कंत्राटदाराकडचे जुने कामगार.

“काय गं बाय, बंद करतीस का याला?”

“आज नाही काका. गुरुवारी. सुट्टीच आहे ना.”

“सुट्टी तुमाला! आमी गुरवारीच टाकीत उतरतो. चालू टाकीत कोन उतरंल गं?”

मी माऊस सोडला. टाकी धुवायला माणसं आत जातात. आत गॅस वाढला तर भोंगा वाजतो. त्यासाठीचा वेगळा पॅनल कधीचा बिघडलाय. त्याचं काम याच पीसीवर ढकललेलं. पीसी बंद, तर भोंगाही बंद.

“आत किती जण असतात?”

“चौघं. एक माजा जावई. मी वर, दोर धरून. कान भोंग्याकडं.”

कॉलेजपासून मी कंत्राटी कामगारांच्या हक्कांची पत्रकं लिहिते. शिळफाट्यावर उभी राहून वाटलीही आहेत. आणि माझ्याच प्लॅनमध्ये मी त्यांना शून्य धरलं होतं.

परत आले. “सर, गुरुवारी टाकीत चार माणसं असतात.”

“ती कॉन्ट्रॅक्टरची. आपल्या हजेरीत नाहीत.”

“टाकीत आहेत ना?”

“भाषण नको. व्हेंडरचा इंजिनिअर बुक झालाय. आणि पीसी बंद किती वेळ राहणार? पाच मिनिटं!”

“मग ती पाच मिनिटं तुम्ही उतरा, सर. मी लगेच सही करते.”

सरांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. “काय बदलायचं ते लिही.”

शेडचा पीसी आपोआप अपडेट होणाऱ्या यादीतून काढला. तो मी स्वतः हाताने अपडेट करणार. चौघं जेवायला वर आल्यावर, टाकीला कुलूप लावून, किल्ली काकांकडे देऊन.

गुरुवारी बारा वाजता चौघं बाहेर आले. मी मोजले. मग बटण दाबलं. पाच मिनिटांचा रीस्टार्ट अठ्ठावीस मिनिटं चालला. मशीन चालू झालं, पण भोंग्याचा प्रोग्राम आपोआप सुरू झाला नाही. पासवर्ड टाकून चालू करावा लागला.

काकांच्या हातातली भाकरी तशीच होती. जावयाकडे बघत म्हणाले, “हे आत असते, तर मला वाटलं असतं, भोंगा गप हाय म्हंजे गॅस नाय.”

जावयाने डबा बंद केला.

वरिष्ठांना गेलेल्या रिपोर्टमध्ये सरांनी ‘झिरो इम्पॅक्ट’ लिहिलं. पॅनल दुरुस्त करा, असं पत्र मी त्याच दिवशी दिलं. ते अजून मंजुरीसाठी फिरतंय.

कंत्राटी माणसांची नावं आमच्या कुठल्याच सिस्टममध्ये नाहीत. ती वॉचमनच्या वहीत असतात. आता कुठलाही प्लॅन लिहायचा तर सगळी मशीनं दाखवणारा सर्व्हरचा कन्सोल मी नंतर उघडते. आधी गेटवर जाऊन वही बघते.