रुपीबाईनं डॉक्टरला वाकवलं

मुकुटबनकडच्या तांड्यावर एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: रुपीबाईचा राग शिळा होत नाही, मुरतो. हा तर अकरा वर्षं मुरलेला.

तांड्याच्या बोअरच्या पाण्यात हाडं-दात खाणारं फ्लोराईड असल्याचा शहरातल्या डॉक्टरांना संशय. म्हणून दर पौषात शहरातून पथक यायचं. रक्त काढायचं, लघवीच्या बाटल्या भरून घ्यायचं, "वाका, पायाचे अंगठे धरा" म्हणायचं आणि बिस्किटाचा पुडा हातावर ठेवून जायचं. रिपोर्ट? "येईल." दरम्यान रुपीबाईचा नवरा देवीलाल, होळीच्या नाचात सगळ्यात उंच उडणारा गडी, कंबरेतून वाकला तो वाकलाच. आता नात संगीताच्या दातांवरही पिवळे पट्टे दिसू लागले होते.

बाराव्या वर्षी रुपीबाईनं आधीच नसाब बोलावली. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. ती बसली की निवाडा होईस्तोवर कोणी उठायचं नाही, पाहुण्यानंही.

पथकाचे डॉक्टर राजदीप पेटी घेऊन आले, तर समोर तांडाप्रमुख नायक, पंच आणि अख्खी वस्ती.

"या साहेब. आज तुमची तपासनी," रुपीबाई म्हणाली.

"माझी?"

"अकरा साल तुमी आमाले पाह्यलं. वाका. अंगठे धरा. गुडघे मोडू नोका."

डॉक्टर वाकले. मध्ये पोट आलं. हात नडगीवरच अडकले.

"काय निघालं मग?" त्यांनी धापा टाकत, कसनुसं हसत विचारलं.

"रिपोर्ट येईल. बिस्कुट खा."

तांडा खदखदला. हसताना देवीलालच्या पाठीत कळ गेली, तरी तो थांबेना.

"मावशी, यंदाचं रक्त नाही मिळालं तर अकरा वर्षांचं काम वाया जाईल हो."

"तुमचे कागद वाया जातीन. आमची हाडं गेली. या माह्या नवऱ्याचा रिपोर्ट वाचा, मंगच उठा."

डॉक्टरांनी लॅपटॉप उघडला. देवीलालचं नाव सापडलं. वाचता वाचता तिसऱ्या वर्षाच्या नोंदीशी ते थांबले.

"वाचा ना! कायले थांबले?"

"बोअरचं पाणी पिण्यासाठी तत्काळ बंद करावं. कुटुंबाला कळवावं."

रुपीबाईनं नवऱ्याकडे पाहिलं.

"म्हंजे त्याच्यानंतरचं सारं पानी म्याच पाजलं याले."

ती उठली. पंचांनी अडवलं नाही.

"चाला साहेब. सत्तेचाळीस घरं हायेत. दारात उभं राहून ज्याचं त्याले वाचून सांगा. पहिली संगीता. रक्ताचं नाव बी काढू नोका."

सातव्या दारात डॉक्टरांचा घसा बसला. रुपीबाईनं आठव्या घराची कडी वाजवली.