सारवलेल्या भेगा

निवड समितीची गाडी शहापूर सोडून डोळखांबच्या रस्त्याला लागल्याचा फोन आला, तेव्हा माझ्या शिल्पावर एकही भेग उरली नव्हती.

मी मातीची शिल्पं करतो. इथल्या एका कलाकेंद्राच्या आवारात माझी आठ फुटी भिंत उभी होती. नाव ‘तहान’. समितीला पटली तर कायम राहणार, नाहीतर पाडून टाकणार. तिच्यातलं सगळं काम भेगांचं होतं. मातीत भाताची टरफलं, म्हणजे तूस, कमी घातला की ती वाळताना तडकते. घर बांधणारे हे टाळतात. मी मुद्दाम तूस कमी ठेवला. कुठे ऊन दिलं, कुठे ओलं गोणपाट लावलं आणि महिनाभर एकेक भेग हवी तशी वळवली. आमच्यात याला प्रोसेस म्हणतात.

आदल्या दिवशी मी कॅटलॉग आणायला ठाण्याला गेलो होतो. गोणपाट भिजवायचं काम हिराबाईंकडे होतं. त्या जवळच्या पाड्यावरच्या, माती मळण्यापासून माझ्यासोबत. सकाळी येऊन बघतो तर भिंत वरपासून खालपर्यंत शेणाने सारवलेली.

“हिराबाई, हे काय केलंत?”

“पावणे येनार बोल्लात ना तुमी. फुटकी भिंत दाखवाची काय त्यांना?”

“अहो, त्या भेगा मी केल्या होत्या.”

त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. “होतं असं, दादा. तूस कमी पडला तुमचा. मी कोनाला नाय सांगनार.”

एक कोपरा खरवडून पाहिला. शेण भेगांत खोलवर बसलं होतं. तेवढ्यात गाडी आलीच.

समितीच्या मॅडम भिंतीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. बोटांच्या अर्धगोल रेघा एकावर एक चढत गेल्या होत्या, कुठेही हात अडखळला नव्हता. मॅडमनी कॅटलॉग उघडला.

“यात भेगा लिहिल्यात. त्या कुठायत?”

“आत आहेत,” मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

“म्हणजे झाकलेली तहान. फार धाडसी निर्णय घेतलात.”

हिराबाई बादली धूत चार हातांवर होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. भिंत पास झाली, माझ्या नावाची पाटी लागली. लाज वाटली, पण पाटी काढावी इतकी नाही.

पुढे मुरबाडच्या एका रिसॉर्टला अगदी तशाच रेघा हव्या होत्या. मी पंधरा दिवस सराव केला. माझ्या रेघा कुंपणावर वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या येत होत्या. शेवटी पाड्यावर गेलो.

हिराबाईंनी मला दारात बघितलं आणि हात पुसले. “परत फुटली काय, दादा?”

मी हो म्हणालो. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.