पाळण्याचे पैसे

माझं शुद्धलेखन चुकतं. ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधी कळलंच नाही, आणि अक्षर म्हणजे ओल्या मातीत कोंबडी चालून गेल्यासारखं. कुणाच्या हाती हे लागलंच तर त्यानं माफ करावं. चौथी झाली आणि शाळा सुटली, त्यानंतर लिहायचं कामच पडलं नाही. आज बसले त्याला कारण नातवंडं. परवा ती कुठल्याशा बागेत जाऊन आली. तिथं रुळावरून गाडी वर चढते आणि एकदम खाली सुटते म्हणे. धाकटा म्हणाला, "आजी, तू तर वरच मेली असतीस!" मी नुसती हसले. मला चारचौघांत बोलता येत नाही, घरातसुद्धा नाही. पण मीही वर जाऊन आलेली बाई आहे.

तेव्हा माझं नवं लग्न झालेलं. नवे पैसे अजून यायचे होते, सोळा आण्यांचा रुपया चालत होता. मोठा दुष्काळ सरून एखाद-दुसरं वर्ष झालं होतं, ज्वारी बरी आली होती. आमचं गाव वडूजच्या अलीकडं. हे पलटणीत होते, रजेवर आले होते, आणि जत्रा नेमकी त्यांच्या रजेत आली. भावकीतल्या दोन बैलगाड्या जुंपल्या. आमच्या घरातून सासूबाई, हे, माझी नणंद आणि मी. थोरल्या जाऊबाई तेवढ्या घरी राहिल्या. त्यांना सातवा लागला होता. आधी दोन वेळा दिवस राहून पोट पडलं होतं, त्यामुळं त्यांना गाडीच्या हिसक्यात न्यायला कुणीच तयार नव्हतं.

निघताना त्यांनी मला चुलीपाशी ओढलं आणि तीन रुपये हातात कोंबले. अंडी विकून साठवलेले होते.

"पाळण्याला हायत," त्या हळूच म्हणाल्या. "सातवा लागला की बांधीन म्हनून बोलले व्हते देवाला. आत्याबाईस्नी सांगू नगंस. आदी बोललं की बाधतं."

आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई. आमच्याकडं मूल व्हावं, टिकावं म्हणून देवाला लाकडी पाळणा वाहतात. वीतभर लांब, लाल-पिवळा रंगवलेला. जत्रेत सुतार ते मांडून बसतात. मी "व्हय" म्हटलं आणि पैसे पदराच्या गाठीत बांधले.

जत्रेत पोचलो. बायका दर्शनाच्या रांगेत जाणार आणि पुरुष दुकानांच्या बाजूला, असं ठरलं. सुतारही तिकडंच बसलेले. म्हणजे पाळणा ह्यांनीच आणायला हवा होता. पण सासूबाई शेजारी उभ्या. त्यांच्यासमोर नवऱ्याशी बोलायची नव्या सुनेची काय टाप! मग मी गाठ सोडली, पैसे नणंदेच्या हाती दिले आणि तिच्या कानात म्हटलं, "वन्सं, त्यास्नी द्या. म्हनावं, जाऊबाईंनी पाळण्याला दिल्यात."

नणंद चौदा वर्षांची. गाडीतून उतरल्यापासून तिचे डोळे एकाच गोष्टीवर होते, ते म्हणजे मैदानातलं लोखंडी चाक. त्याला सहा पेट्या टांगलेल्या आणि दोन गडी वर चढून आपल्या अंगाच्या वजनानं ते फिरवत होते. त्यालाही आमच्याकडं पाळणाच म्हणतात.

दर्शन घेऊन बाहेर आलो तर हे समोर उभे, तोंडभर हसत. "चला आई! वैनीनं पाळण्याला पैसं दिल्यात. सगळ्यास्नी बसवा म्हनली. चार आणं मानशी, आपली मानसं बरोबर बारा. तिकिटं काढली बगा!"

मी नणंदेकडं बघितलं, तर ती केव्हाच पेटीत जाऊन बसलेली.

सासूबाई गहिवरल्या. "सोताला बसता येत न्हाई म्हनून आपल्याला बसवती. लय गुनाची हाय गं थोरली!"

मी "आत्याबाई, ते..." एवढं म्हणाले. पण माझा आवाज असा, की शेजारच्या माणसालासुद्धा ऐकू जाऊ नये. तिथं तर पिपाण्या वाजत होत्या. सासूबाईंनी मला दंडाला धरून पेटीत बसवलं, गड्यानं कडी घातली आणि आम्ही वर निघालो.

भीती वाटली का? वाटली. पण आधी गंमत वाटली, हे खरं सांगते. खालची माणसं लहान होत गेली. देवळाचा कळस आमच्या डोळ्यांच्या रेघेत आला. पलीकडं माळावर सोडलेल्या गाड्या, बैलांच्या पाठी, लांबचे डोंगर. आणि मग चाक खाली सुटलं. पोट वरच राहिलं आणि मी खाली आले. पदर डोक्यावरून उडून मागं फडफडायला लागला. सासूबाईंनी माझी मांडी अशी घट्ट धरली की चार दिवस वळ होता. "इठ्ठला, मेले गं!" म्हणून त्या ओरडत होत्या आणि मधेच खदाखदा हसत होत्या.

पुन्हा वर गेलो. पुन्हा कळस दिसला, आणि कळसाच्या खाली, भिंतीच्या खुंट्यांना बांधलेले ते छोटे छोटे पाळणे दिसले. वाऱ्यावर हलत होते. मला घरी चुलीपाशी बसलेल्या जाऊबाई दिसल्या. पुढची जत्रा वर्षानं. तोवर बाळंतपण होऊन जाणार. काय होईल ते होईल, म्हणून मी वाकून जन्मात ओरडले नव्हते तेवढ्यानं ओरडले,

"आवं! ते पैसं ह्या पाळण्याचं न्हवतं! देवाच्या पाळण्याचं व्हतं! जाऊबाईंच्या नवसाचं!"

सासूबाईंसमोर, भावकीसमोर, अख्ख्या जत्रेसमोर. पिपाण्यासुद्धा थांबल्या असं मला वाटलं. हे खालच्या पेटीतून ओरडले, "थांबवा, थांबवा!" चाक थांबलं. आम्ही वरच लटकलेलो. अगदी तळाच्या पेटीत भावकीतले म्हातारे तात्या होते. त्यांनी संधी साधली आणि उडी मारून बाहेर पडले. बाकीच्यांना गड्यांनी उरलेले फेरे फिरवून उतरवलं.

हे पाळणेवाल्याकडं पैसे मागायला गेले. तो म्हणाला, "फिरलेलं पैसं परत कसं द्यायचं पावनं? वारं खाल्लंसा ते वका, मग देतो."

मग सुताराकडं गेले. त्यानं पाळणा हातात दिला, पण "वैनीचं पैसं मागनं देतो" म्हणताच काढून घेतला. "नवसाची वस्तू उधार न्हाई. फळत न्हाई. आन् ज्येचा नवस त्येचंच पैसं पायजेत."

ह्यांच्या खिशात पैसे होते. पण ते ह्यांचे, जाऊबाईंचे नव्हेत. मी मान खाली घालून उभी. आता सासूबाई काय बोलतात याची वाट बघत होते. त्यांनी पदर खोचला.

"ज्येनं त्येनं आपलं तिकीट भरा. तिचं पैसं तिला माघारी. देवाच्या पैशावर बसून हिंडायची लाज वाटंना व्हय?"

आणि ओटी पसरून त्या भावकीत फिरल्या. कुणी कमरेच्या पिशवीतून, कुणी टोपीच्या घडीतून चार-चार आणे काढले. आमच्या चौघांचे ह्यांनी टाकले. राहिले तात्या.

"मी बसवा म्हनलो व्हतो काय? तुमीच उचलून बसवलंसा," तात्या म्हणाले. "आन् मी तर निम्म्यात उतरलो. निम्मं फिरलो, निम्मं दीन." त्यांनी दोन आणे टाकले.

"तात्या, दोन आन्यासाठी देवाला आडवता?" सासूबाई म्हणाल्या.

"देवाला न्हाई, पाळनेवाल्याला. त्येनं माझं निम्मं फेरं खाल्लं."

हे म्हणाले, "तात्या, ऱ्हायलेलं दोन आणं मी भरतो."

"तुजं पैसं चालत न्हाईत, सुतार बोलला न्हवं?" तात्या हलेनात.

सुतार ऊन उतरतंय म्हणून पाळणे पोत्यात भरायला लागला होता. मला रडू यायला लागलं. तेवढ्यात सासूबाई तात्यांचा हात धरून थेट पाळणेवाल्यापुढं उभ्या राहिल्या. "ह्येंचं निम्मं फेरं तुज्याकडं हायत. फिरीव ह्यास्नी."

पाळणेवाला हसत सुटला. पण त्यानं कडी उघडली. तात्या एकटेच बसले, मिशीला पीळ देऊन, कलेक्टर मोटारीत बसतो तसे. आम्ही सगळे खाली उभे राहून त्यांचे फेरे बघत होतो. चाक थांबलं तरी ते उतरायला तयार नव्हते. "निम्म्यापेक्षा कमी झालं वाटतंय," म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "उतरा आता, न्हाईतर हितंच टांगते."

तात्या उतरले. बंडीच्या आतल्या खिशात हात घातला, बराच वेळ चाचपत राहिले. मग एक एक करून दोन आणे सासूबाईंच्या ओटीत टाकले, आणि जाऊबाईंचे तीन रुपये पुरे झाले. सुतारानं पोत्याचं तोंड सोडलं आणि एक पाळणा काढून दिला.