तेरच्या संग्रहालयातली ती दुसरी बाई

मैत्रिणींनो, आज दुपारी वडिलांना घेऊन तेरला गेले होते. आई गेल्यापासून अण्णा घराबाहेर पडले नव्हते. एकदाही रडले नव्हते.

संग्रहालयात मातीच्या मूर्ती, मणी बघत ते गुमान पुढं चालले होते. एका जुन्या दख्खनी चित्रापाशी मात्र थांबले. काही शतकांपूर्वीचं, वहीच्या पानाएवढं चित्र. गच्चीवर एक बाई मान खाली घालून बसलीय, समोरचं ताट तसंच आहे. शेजारी तिची सखी.

मी म्हणाले, "विरहिणी आहे, अण्णा. वाट बघतेय."

"ते कळलं गं. ही दुसरी बघ. जेव म्हणंना, धीर धर म्हणंना. नुसती तिला टेकून बसलीया." मग हळूच म्हणाले, "आपल्याकडं लई जण आले. समदे बोलूनच गेले."

समोरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. थोड्या वेळानं अण्णांनी टोपी तोंडावर धरली आणि हुंदके देऊन रडले. मी पाठीवर हात ठेवून नुसती त्यांना टेकून बसले.

येताना एसटीत ते आपणहून आईचं सांगू लागले. "भाकरी थापताना ती सोताशीच पुटपुटायची. आता चुलीकडं जाववत न्हाय बघ."

कुणाकडं भेटायला जाताना आपण वाटभर काय बोलायचं तेच ठरवत जातो. तुमच्या दुःखात कुणी असं नुसतं बसलं होतं का? त्या माणसाबद्दल लिहाल?